एका गावच्या दोन शाळा

सातवीच्या उंबरठ्यावर सीमेवरचे मूल

तेलंगणाचे केरामेरी मंडल आणि महाराष्ट्राचा जिवती तालुका जेथे एकमेकांना भिडतात, त्या डोंगरपट्ट्यात १४ गावे अशी आहेत की, ज्यांना दोन सरकारे आहेत. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार, लेंडीगुडा, येसापूर, पद्मावती, इंदिरानगर, शंकरलोधी ही त्यांपैकी काही नावे. तेलंगणाच्या दप्तरी ही गावे परमडोली व अंतापूर या ग्रामपंचायतींत मोडतात, तर महाराष्ट्राच्या दप्तरी पुडियालमोहदा व कुंभेझरी या ग्रामपंचायतींत. ऑक्टोबर २०१६ पर्यंत केरामेरी आदिलाबाद जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. गावे मात्र होती तेथेच राहिली, दोन्हींकडची.

या गावांतील दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे आणि दोन सरपंच यांच्या बातम्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे चवीने छापल्या आहेत. निवडणूक आली की कॅमेरे येतात, हातात दोन ओळखपत्रे धरलेल्या मतदाराचा फोटो निघतो आणि गाड्या परत जातात. गावातल्या दोन शाळांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. एक महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेची मराठी शाळा, दुसरी तेलंगणा सरकारची तेलुगू शाळा. मतदाराला दोन ओळखपत्रे बाळगता येतात, शिधापत्रिकाही दोन चालून जातात, पण मुलाला एकाच वेळी दोन वर्गांत बसता येत नाही. या भाषा विशेषांकात आम्ही त्या दोन शाळांची तुलना मांडीत आहोत. कोणती शाळा चांगली, याचा निकाल देण्यासाठी ही तुलना नाही. या दोहोंतून एक निवडताना आईबाप नेमके काय निवडतात, हे वाचकांसमोर यावे, एवढाच हेतू आहे.

सीमा आली कोठून?

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड अशी तिन्ही भाषांची माणसे होती आणि वर राज्यकारभाराची उर्दू होती. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. राजुरा तालुका पुढे नांदेडमधून चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. रेषा कागदावर ओढली गेली, पण डोंगरावरची माणसे रेषेप्रमाणे उठून बसली नाहीत. पुढील दशकांत मराठवाड्यातून जमिनीच्या शोधात निघालेली कुटुंबे या पठारावर येऊन राहिली. त्यांत मराठी बोलणारे दलित होते, बंजारा तांडे होते. गोंड आणि कोलाम तर येथे पूर्वीपासूनच होते.

आजच्या वादात एक गोष्ट विसरली जाते. या भागात शाळेची भाषा कोणती असावी, हा प्रश्न नवा नाही. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम मारले गेले. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाठविले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. मुलाने प्रथम आपल्या बोलीत वाचावे आणि मग बाजाराची, कचेरीची भाषा शिकावी, असा तो क्रम होता. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळी याच जिल्ह्यात आदिवासींसाठी अधिकारी म्हणून काम करीत होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली होती. आंध्र प्रदेश झाल्यावर शाळेची भाषा तेलुगू झाली. शाळा बंद पडल्या असे नाही, पण बोलीपासून शाळेकडे जाणारी ती पायरी निघून गेली.

दोन दप्तरे

आता एका घरातली दोन मुले डोळ्यांसमोर आणू. थोरली महाराष्ट्राच्या शाळेत, धाकटा तेलंगणाच्या शाळेत. सीमेवरच्या घरात अशी वाटणी समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही दारे उघडी ठेवलेली बरी, हा साधा हिशेब त्यामागे असतो.

थोरलीच्या दप्तरात बालभारतीची पुस्तके. मराठी पहिली भाषा, इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच, आणि पाचवीपासून हिंदी. धाकट्याच्या दप्तरात तेलंगणाची पुस्तके. तेलुगू पहिली भाषा, इंग्रजी, आणि सहावीपासून हिंदी. २०२२-२३ पासून तेलंगणाने सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणले. त्यासाठी एका पानावर तेलुगू आणि समोरच्या पानावर इंग्रजी अशी जोडपुस्तके छापली. महाराष्ट्रातही अनेक शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सेमी-इंग्रजीची वाट धरली आहे. म्हणजे मराठी की तेलुगू, हा पूर्वीचा प्रश्न आता तेवढाच राहिलेला नाही. दोन्ही शाळांच्या मागे इंग्रजी उभी आहे, आणि आईबापांचे डोळे तिच्यावर आहेत.

वर्गांची रचनाही सारखी नाही. महाराष्ट्रात पूर्वापार पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल. तेलंगणात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी-सातवी उच्च प्राथमिक, आणि बहुतेक ठिकाणी सहावीपासूनच हायस्कूलमध्ये बसण्याची सोय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी असा एकच टप्पा ठरविला, तरी जुने साचे दोन्हीकडे अजून दिसतात. परिणाम असा की, एका घरातली मुले वेगवेगळ्या वर्षी गावची शाळा सोडतात. एक केरामेरी-आसिफाबादच्या रस्त्याला लागतो, दुसरी जिवती-राजुऱ्याच्या. कायद्याप्रमाणे उच्च प्राथमिक शाळा घरापासून ३ किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातले ३ किलोमीटर पावसाळ्यात किती होतात, हे त्या वाटेने चालणाऱ्यालाच ठाऊक.

सुट्ट्यांचे गणित तर आणखी गमतीचे. तेलंगणाच्या शाळा १२ जूनला उघडतात. विदर्भाच्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२५ मध्ये त्या २३ जूनला उघडल्या. तेलंगणाची मोठी सुटी बतुकम्मा-दसऱ्याची, जवळजवळ दोन आठवड्यांची. महाराष्ट्राची मोठी सुटी दिवाळीची. दसऱ्यात धाकटा घरी असतो तेव्हा थोरली वर्गात, आणि दिवाळीत थोरली मोकळी झाली की धाकट्याला एक-दोन दिवसांवर परत शाळा. कापूस वेचणीला किंवा मामाच्या गावी जायला दोघांची सुटी एकत्र मिळणे कठीण.

दुपारचे जेवणही तराजूत घातले जाते, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. तेलंगणात आठवड्यातून तीनदा अंडे मिळते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले, पण जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबविला आणि लोकसहभागातून करा, असे शाळांना सांगितले. मजुरी करणाऱ्या आईला विचारा, तीन अंडी ही तिच्या लेखी लहान गोष्ट नाही. पुस्तके आणि गणवेश दोन्हीकडे फुकट आहेत.

एवढी तुलना केली तर वाटेल, बरे आहे, दोन दुकाने आहेत, जे स्वस्त व मस्त ते घ्यावे. पण खरा हिशेब पुढेच आहे.

सातवीच्या दाखल्यात दडलेले

तेलंगणातील सरकारी नोकऱ्यांसाठी २०१८ साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यानुसार थेट भरतीतील ९५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी आहेत. स्थानिक कोण? पहिली ते सातवी या वर्गांपैकी किमान ४ वर्षे ज्याने त्या भागातील शाळेत काढली, तो. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. पंचविसाव्या वर्षी मिळणारी किंवा न मिळणारी नोकरी बाराव्या वर्षापर्यंतच्या शाळेवर ठरते. महाराजगुड्यातील मूल सातवीपर्यंत महाराष्ट्राच्या शाळेत शिकले, तर शाळा त्याच गावात असूनही तेलंगणाच्या कोणत्या भागाचे स्थानिक म्हणून ते पुढे उभे राहणार, हा प्रश्न त्याच्या वाट्याला येतो.

महाराष्ट्राकडे वळावे, तर तेथे अधिवासाच्या दाखल्यासाठी राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीच्या दाखल्याचा मामला याहून अवघड. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. असा पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातच सापडायचा. जे कुटुंब मराठवाड्यातून येथे येऊन राहिले, त्याचा कागद असलाच तर जुन्या गावी.

बंजारा समाजाची तऱ्हा तर सगळ्यांत निराळी. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडे अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत आहे. एकाच तांड्यातील सख्खी भावंडे एका सरकारच्या कागदावर आदिवासी आणि दुसऱ्याच्या कागदावर विमुक्त. आता अशा घरातील बापाने मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हे भाषेचे प्रेम सांगून ठरविता येईल काय? तो भाषा निवडीत नाही, दाखला निवडतो. आणि दाखल्याबरोबर जी भाषा येईल ती मुलाच्या पदरात पडते.

हुशार मुलांसाठी आणखी एक फाटा आहे. नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा द्यायची, तर मूल पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असले पाहिजे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे नवोदय कागजनगरला आणि चंद्रपूरचे तळोधी-बाळापूरला. तेलंगणाच्या निवासी गुरुकुलांत पाचवीलाच प्रवेश परीक्षेने मुले घेतली जातात. म्हणजे दहाव्या वर्षी मुलाने कोणत्या फळ्यासमोर बसायचे, यावर पुढचे दरवाजे उघडायचे की मिटायचे ते अवलंबून. त्या वयाच्या मुलाला सीमा म्हणजे काय हे ठाऊकही नसते.

घटनेची सावली कोठपर्यंत?

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे, यासाठी आपल्या राज्यघटनेत ३५० अ हे कलम १९५६ साली सातव्या दुरुस्तीने आले. त्यात शब्द आहेत प्राथमिक शिक्षणाचे. त्याही आधी, १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने सोपा आकडा ठरविला होता. एका वर्गात १० किंवा सबंध शाळेत ४० मुले एका मातृभाषेची असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक द्यावा. हा आकडा डोंगरातल्या गावालाही पेलण्यासारखा आहे.

परंतु हे कवच प्राथमिक शाळेपुरते. मधल्या शाळेत, म्हणजे सहावी ते आठवीत, ते पातळ होते. शिक्षण हक्क कायद्याने मातृभाषेचा उल्लेख केला, पण 'शक्य असेल तेथवर' या शब्दांची पाचर मारून. आणि मूल नेमके याच वर्गांत भाषेने अडखळते. पाचवीपर्यंतचे गणित बोटांवर, चित्रांवर निभते. सहावीत अपूर्णांक, पेशी, नागरिकशास्त्र सुरू होते आणि शब्द कळला नाही तर विषयच कळत नाही. घरी मराठी बोलणारे मूल तेलुगू शाळेत तेथे गळते, आणि तेलुगू बाजारपेठेत वावरणारे मराठी शाळेतले मूल दहावीनंतर आसिफाबादच्या कॉलेजात तोंड मिटून बसते. दोन्हीकडे दोष मुलाच्या माथी मारला जातो.

त्याच कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, अगदी दुसऱ्या राज्यातही, जाऊ शकते आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून त्याचा प्रवेश अडविता येत नाही. कागदोपत्री, या गावातील मूल रस्ता ओलांडून समोरच्या शाळेत केव्हाही जाऊ शकते. पण सहावीपर्यंत ज्याने एक अक्षर तेलुगू गिरविले नाही, किंवा ज्याने बालभारतीचे पुस्तक उघडलेच नाही, त्याला या हक्काचा उपयोग काय? हक्क दाराशी आणून ठेवला आणि जिना काढून घेतला, असा हा प्रकार आहे.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हे

सीमाभागातले वर्तमानपत्र म्हणून मराठीचा कैवार घेणे आम्हाला अवघड नाही. तसे करणे न्याय्यही आहे. पण हा प्रश्न एका भाषेने दुसरीवर केलेल्या अन्यायाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात घराघरांत तेलुगू बोलली जाते आणि मुले मराठी शाळेत बसतात. त्यांची अडचण परमडोलीच्या मुलांपेक्षा वेगळी नाही. बेळगावच्या सीमाप्रश्नाने आपल्याला भाषेसाठी लढायला शिकविले. पण तेथल्या मराठी माणसाने जे मागितले, तेच सिरोंच्याच्या तेलुगू माणसाने मागितले, तर आपण काय उत्तर देतो, हेही तपासले पाहिजे.

शिवाय या १४ गावांतील अनेक घरांत ना तेलुगू बोलली जाते ना मराठी. तांड्यावर बंजारा बोली, गुड्यावर गोंडी, कोलामी. आंध्र प्रदेश सरकारने २००४ मध्ये आठ आदिवासी भाषांतून सुरुवातीचे शिक्षण देण्याचा उपक्रम काढला होता. त्यात गोंडी, कोलामी आणि बंजारा या तिन्ही होत्या. मार्लवाईत जे १९४३ ला कळले होते, तेच साठ वर्षांनी पुन्हा शोधावे लागले. महाराष्ट्राच्या शाळेलाही या धड्याची गरज आहे.

तेलंगणाला मराठी परकी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. आदिलाबाद जिल्ह्यात सरकारी मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तेलंगणाची दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून देता येते, आणि तेथील शिक्षक पात्रता परीक्षेतही मराठीचा पर्याय आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणाने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला. तेलुगू २००८ पासून आणि मराठी ३ ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात भाषा आहे. दोन अभिजात भाषा एका गल्लीत समोरासमोर नांदत आहेत. उणीव आहे ती एकीच्या शाळेत दुसरीला बसायला जागा नाही, एवढीच.

काय करता येईल?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही १४ गावे महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची घोषणा केली. सीमेचा निकाल जो लागायचा तो लागो. त्यावर आमचे मत आम्ही वेळोवेळी मांडू. परंतु निकाल लागेपर्यंत शाळांना थांबायला सांगता येत नाही, आणि निकाल लागल्यावरही आजवर समोरच्या शाळेत शिकलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून चार गोष्टी आम्ही दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांपुढे ठेवीत आहोत.

पहिली, या गावांतील तेलंगणाच्या शाळांत सहावी ते आठवी मराठी हा एक विषय म्हणून शिकवावा आणि महाराष्ट्राच्या शाळांत तेलुगू. माध्यम बदलण्याची गरज नाही. आठवड्याच्या काही तासिका आणि एक शिक्षक एवढेच लागेल. १० आणि ४० चा जुना आकडा त्यासाठी पुरेसा आधार आहे.

दुसरी, या गावांपुरते दोन्ही शाळांतील वर्षे दोन्ही राज्यांनी धरावीत. मूल गावातच राहिले, गावातच शिकले. शाळेची पाटी कोणत्या लिपीत आहे, यावरून ते स्थानिक की बाहेरचे हे ठरू नये.

तिसरी, सातवी-आठवीनंतर शाळा बदलणाऱ्या मुलासाठी दोन-तीन महिन्यांचा भाषावर्ग असावा. जिना परत लावावा, असे वाटल्यास म्हणा.

चौथी गोष्ट फुकटची आहे. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून दोन्ही पटांची नावे ताडून पाहावीत. जे मूल दोन्ही पटांवर नाही, ते गळालेले मूल. दोन शाळा असलेल्या गावात एक मूल शाळेबाहेर राहिले, तर ते लाजिरवाणे आहे. आणि दोघांपैकी प्रत्येकाने ते समोरच्या शाळेत असेल असे समजून राहणे, हे येथे सहज घडू शकते.

पालकांनाही आमचे सांगणे आहे. पहिलीत नाव घालताना अंडी, गणवेश, इंग्रजी हे सारे पाहा, त्यात गैर काही नाही. पण सातवीचा दाखला पुढे कोठे चालेल, हे त्याच दिवशी दोन्ही गुरुजींना विचारा. आणि मूल ज्या शाळेत जाईल तिच्याखेरीज दुसऱ्या भाषेची अक्षरे त्याला घरी, शेजाऱ्याकडून, थोरल्या भावंडाकडून गिरवून घ्या. एका घरात दोन दप्तरे असतील, तर रात्री ती दोन्ही उघडावीत. थोरलीने धाकट्याला मराठी वाचून दाखवावे, धाकट्याने तिला तेलुगू.

सीमेचा वाद १९५६ च्या रेषेतून निघाला आणि अजून चालूच आहे. सहावी ते आठवी ही वर्षे मात्र तीनच असतात, आणि ती कोणासाठी थांबत नाहीत.